उघडी वही आणि झाकलेला कान

अहमदनगरचा भुईकोट किल्ला शहराच्या पूर्वेस, भिंगारच्या वाटेवर, रुंद खंदकाच्या कड्यात बसलेला आहे. निजामशाही, मोगलाई, पेशवाई आणि १२ ऑगस्ट १८०३ नंतर इंग्रजी असे अनेक अंमल त्याच्या तटांनी पाहिले. परंतु या किल्ल्याच्या इतिहासातील ज्या प्रसंगाकडे माझे मन पुनःपुन्हा ओढ घेते, तो लढाईचा नाही. पुण्याच्या दरबारात बसून हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि कलकत्ता येथील हालचालींची खबर जे राखीत असत, ज्यांच्या बातमीदारांचा व जासुदांचा धाक मित्रांना आणि शत्रूंना सारखाच वाटत असे, त्या नाना फडणिसांना ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या पक्षाने दग्याने धरले आणि पुढील काही महिने याच किल्ल्यात कैदेत ठेवले. त्या अटकेमागे न्यायाधीशाचा हुकूम नव्हता. आणि न्यायबुद्धीने पाहावयाचे तर नानांनी जी बातमीदारी आयुष्यभर चालविली, तिच्यामागेही तसा हुकूम कधी नव्हता. त्या काळी धन्याची मर्जी हाच कायदा असल्यामुळे, कोणावर पाळत ठेवणे न्याय्य की अन्याय्य, याचा खल धर्मशास्त्रात किंवा नीतिग्रंथात होत असेल. कचेरीत होत नसे.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो निवडणुकीच्या राज्यात. राजा प्रजेच्या दारी कौल मागावयास जात नाही. लोकनियुक्त सरकारला मात्र ठरावीक मुदतीने जावे लागते, आणि ज्या दिवशी ते जाते त्या दिवशी त्याची दोन रूपे एकाच अंगरख्यात असतात. एका रूपाने ते राज्याचे रक्षणकर्ते असते, पोलीस, तार, टपाल आणि दप्तर यांचे धनी असते. दुसऱ्या रूपाने ते केवळ एक उमेदवार असते, समोरच्या उमेदवाराहून तसूभरही अधिक हक्क नसलेले. पहिल्या रूपाच्या हाती असलेले कान दुसऱ्या रूपाच्या कामी लावले गेले, तर ती निवडणूक नाममात्र उरते. म्हणून विरोधी पक्षावर सरकारने ठेवलेल्या पाळतीचा कायदा काय, तो कसा घडत गेला आणि त्यात उणीव कोठे राहिली, हे पाहणे अगत्याचे आहे; आणि हे पाहण्यास अहमदनगर जिल्ह्याइतके, म्हणजे आजच्या अहिल्यानगरइतके, योग्य स्थळ महाराष्ट्रात क्वचित सापडेल. कारण या विषयाचे दोन्ही प्रकार, उघडी पाळत आणि झाकलेली पाळत, या एकाच गावात एका पिढीच्या अंतराने इतिहासाने मांडून ठेविले आहेत.

पहिला प्रकार १९१६ चा आहे. मंडालेहून सुटून आलेल्या लोकमान्य टिळकांनी त्या वर्षीच्या एप्रिलअखेर बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना केली. १ मे रोजी बेळगावास एक आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरास दोन, अशी तीन व्याख्याने दिली. या व्याख्यानांना श्रोत्यांबरोबर सरकारी लघुलेखकही हजर होता. तो लपून बसलेला नव्हता. सभेत काय बोलले जाते ते टिपून घेणे हे त्याचे सरकारी काम आहे हे वक्त्याला ठाऊक होते, श्रोत्यांनाही ठाऊक होते. त्या टिपणांच्या आधारावर गुप्त पोलीस खात्याच्या डेप्युटी इन्स्पेक्टर-जनरलने पुण्याच्या डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली अर्ज दिला, आणि २३ जुलै रोजी, ज्या दिवशी टिळकांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण होत होती त्याच दिवशी, त्यांच्या हाती नोटीस पडली. ऑगस्टमध्ये मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला: टिळकांनी एक वर्ष सद्वर्तनाने राहण्याबद्दल वीस हजार रुपयांचा मुचलका लिहून द्यावा आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन आणावेत.

बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी टिळकांची बाजू मांडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. व्याख्यानातील एखादे सुटे वाक्य हाती धरून वक्त्याच्या माथी राजद्रोह मारता येत नाही, सबंध व्याख्यान मोकळ्या मनाने आणि समग्र वाचून त्याचा एकंदर परिणाम पाहावा लागतो, हा त्या निर्णयाचा गाभा होता. राज्यकारभार चालविणाऱ्या नोकरशाहीवरील टीका ही राजसत्तेविषयीच्या द्रोहाहून निराळी असते, असा भेद टिळकांनी आपल्या व्याख्यानांत केला होता.

या खटल्याची आठवण सामान्यतः टिळकांच्या विजयासाठी केली जाते; मला त्यातील दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. सरकारने जे टिपले ते न्यायालयात वाचले गेले. आरोपीला ते ऐकता आले, त्याच्या वकिलाला ते उलटून पाहता आले, मागचे पुढचे वाक्य जोडून दाखविता आले, आणि अखेर त्याच सरकारी वहीतील समग्र मजकूर टिळकांच्या सुटकेचे साधन झाला. पाळत होती, ती परकीय सरकारची होती, तिचा हेतू निर्मळ होता असे म्हणवत नाही. तरीही ती उघडी होती, तिचा पुरावा तपासास मोकळा होता आणि तिच्यावर शेवटचा शब्द पोलिसांचा नव्हता, न्यायाधीशांचा होता. नगरच्या त्या सभेतील लघुलेखकाची वही ही मी या लेखापुरती कायदेशीर पाळतीची मोजपट्टी मानतो.

दुसरा प्रकार त्यानंतर सव्वीस वर्षांनी त्याच गावच्या किल्ल्यात घडला. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली आणि जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव प्रभृती बाराजण अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. या वेळी मॅजिस्ट्रेट नव्हता, मुचलका नव्हता, वकील नव्हता. युद्धकालीन भारत संरक्षण नियमांच्या आधारे सरकारची स्वतःची खात्री हेच पुरेसे कारण होते. कैदी कोठे आहेत हे जनतेला सांगितले गेले नाही. आरंभी वृत्तपत्रेही बंद होती. पुढे पत्रव्यवहाराची मुभा मिळाली ती आप्तांपुरती, आणि प्रत्येक लखोटा फोडून, वाचून मगच पुढे जाई. मौलाना आझादांनी आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून या किल्ल्यात जी पत्रे लिहिली, ती त्या वेळी धाडलीच गेली नाहीत. सुटकेनंतर ती ‘गुबार-ए-खातिर’ या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यास वारली, तेव्हाही ते या तटांच्या आतच होते. मन मोकळे करावयाचे तर ज्या पत्राला कोणीही वाचक नाही असे पत्र लिहावे, इतकी खासगी आयुष्याची जागा त्या तपासणीने आक्रसून टाकली होती.

या कथेचा पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. १९४६ च्या सप्टेंबरात हंगामी सरकार आले आणि नगरच्या किल्ल्यातील एक कैदी, वल्लभभाई पटेल, गृहखात्याचा प्रमुख झाला. पुढे १९५५ साली त्याच किल्ल्यातील दुसरा कैदी, गोविंद वल्लभ पंत, स्वतंत्र भारताचा गृहमंत्री झाला. ज्यांच्या हालचालींचे अहवाल गुप्त पोलिसांनी वर्षानुवर्षे लिहिले, त्यांच्याच मेजावर आता गुप्तवार्ता खात्याचे अहवाल येऊ लागले. दप्तराचे धनी बदलले. दप्तर बदलले नाही. १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा राज्यघटनेच्या तरतुदीने जसेच्या तसे पुढे चालू राहिले. ज्यांनी पाळत सोसली, त्यांच्या हाती ती आल्यावर तिला आवर घालण्याची सर्वांत मोठी संधी होती. नव्या राष्ट्रापुढील फाळणी, संस्थाने आणि निर्वासितांचे प्रश्न इतके थोर होते की ती संधी मागे पडली, असे त्यांच्याविषयी आदर राखूनही म्हणावे लागते.

तथापि निवडणुकीपुरता एक नवा बंध कायद्याने घातला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३ च्या सातव्या पोटकलमाने असे ठरविले की, उमेदवाराने अथवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, स्वतःच्या निवडणुकीची संधी वाढविण्यासाठी सरकारी नोकरांचे साहाय्य घेतले तर तो भ्रष्टाचार होय आणि त्यापायी निवडणूक रद्द होऊ शकते. त्या नोकरांच्या यादीत राजपत्रित अधिकारी आहेत, न्यायाधीश आहेत, सैन्य आहे, पोलीस आहेत आणि महसुली अधिकारीही आहेत. मात्र वसुलीच्या हिश्शावर किंवा कमिशनवर काम करणारे, पोलिसी कामे नसलेले गावचे पाटील व देशमुख यांना तीतून वगळले आहे. नगर जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गावकऱ्याला या अपवादाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पाटील हा गावचा माणूस. गावच्या राजकारणातून त्याला बाहेर काढणे अशक्यच होते. परंतु फौजदार हा सरकारचा माणूस. त्याच्या डोळ्यांनी एका उमेदवाराने दुसऱ्या उमेदवाराकडे पाहू नये, हे कायद्याने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीच सांगून ठेवले.

या पोटकलमाचे सामर्थ्य देशाने १२ जून १९७५ रोजी पाहिले. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरविली, ती सरकारी नोकरांचे साहाय्य घेतल्याच्या कारणावरून. पुढे कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि त्यांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो निर्णय फिरविला. परंतु सत्तेवर असलेली व्यक्ती निवडणुकीच्या रिंगणात केवळ उमेदवार असते, हे तत्त्व त्या निकालाने जनमानसात जे रुजविले ते कोणत्याही दुरुस्तीने उपटले गेले नाही.

आता या दोन प्रकारांकडे न्यायालयांनी कसे पाहिले ते पाहू. उघड्या सभेतील टिपणाचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर पुन्हा उभा राहिला तो मुंबईत. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत निवडून आलेले झियाउद्दीन बुखारी यांच्या प्रचारसभांतील भाषणे पोलिसांनी ध्वनिमुद्रित केली होती. धर्माच्या नावाने मते मागितल्याच्या कारणावरून त्यांच्याविरुद्ध निवडणूक अर्ज झाला, तेव्हा ती ध्वनिमुद्रणे पुराव्यात आली आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य मानून त्यांची निवड रद्द ठरविणारा निर्णय कायम केला. आवाज त्याच वक्त्याचा आहे हे ओळखले गेले पाहिजे, मुद्रण अचूक असल्याचे सिद्ध झाले पाहिजे आणि त्यात फेरफार झाल्याची शक्यता उरता कामा नये, अशा अटी न्यायालयाने घातल्या. १९१६ च्या लघुलेखकाच्या जागी १९७२ साली यंत्र आले, एवढाच काय तो फरक, तत्त्व तेच. जे वाक्य उमेदवाराने हजारो लोकांना ऐकविले, ते सरकारने ऐकले म्हणून त्याची तक्रार होऊ शकत नाही, फक्त जे ऐकले ते खरे आणि पूर्ण असले पाहिजे.

झाकलेल्या पाळतीची गोष्ट वेगळी आहे. १८ डिसेंबर १९६२ च्या खरकसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री घरात शिरून तपासणी करण्याची पोलिसांची रीत घटनाबाह्य ठरविली, पण घराबाहेरून ठेवलेली पाळत मात्र चालू दिली. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी त्या वेळी भिन्न मत नोंदवून सांगितले की पाळतीची ही सबंध योजनाच माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. त्यांचे मत मान्य होण्यास पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि त्यावर बंधन घालावयाचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असे ठरविले.

दूरध्वनीच्या बाबतीत मूळ आधार १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५ चा. १९७२ साली त्यात बदल करून असे घातले गेले की, सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल अथवा सार्वजनिक सुरक्षिततेचे हित तसे मागत असेल तरच, आणि तेव्हाही देशाचे सार्वभौमत्व व अखंडत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्यास चिथावणी रोखणे या कारणांपैकी एखाद्यासाठीच, लेखी कारणे नोंदवून संदेश अडविता किंवा ऐकता येईल. ही यादी वाचकाने सावकाश पुन्हा वाचावी. विरोधी उमेदवार कोणाला भेटतो, कोणाची मनधरणी करतो, कोणता गट फुटणार आणि कोणता आमदार कोणाकडे जाणार, हे जाणण्याची सरकारची उत्कंठा तीत कोठेही बसत नाही. त्याच १९७२ सालच्या १७ जूनला अमेरिकेत वॉटरगेट इमारतीतील विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेली पाच माणसे पकडली गेली आणि दोनच दिवसांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, देशांतर्गत सुरक्षेच्या नावाने सरकारला कोणाचे बोलणे चोरून ऐकावयाचे असेल तर आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी लागेल. तेथे तो अधिकार न्यायाधीशाकडे गेला. आपल्याकडे तो सचिवालयात राहिला. हा भेद पुढे फार महाग पडला.

१९९१ हे वर्ष या इतिहासातील सांधा होय. मार्चच्या आरंभी हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई राजीव गांधी यांच्या दिल्लीतील निवासस्थानाजवळ पाळतीवर असल्याचा आरोप झाला, त्यावरून काँग्रेसने पाठिंब्याविषयी प्रश्न उभा केला आणि ६ मार्च रोजी पंतप्रधान चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. दोन शिपायांच्या पाळतीने लोकसभेची निवडणूक देशावर आली. त्याच महिन्यात राजकीय पुढाऱ्यांच्या दूरध्वनींवर चोरून ठेवलेल्या कानाविषयीचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात प्रकाशात आला.

आणि या निवडणुकीत अहमदनगर मतदारसंघात जी लढत झाली ती तर निवडणूक कायद्याच्या पुस्तकात कायमची नोंदली गेली. काँग्रेसचे यशवंतराव गडाख आणि अपक्ष उभे राहिलेले बाळासाहेब विखे पाटील यांच्यातील ती लढत. गडाख निवडून आले आणि विखे पाटलांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. वाद होता तो प्रचारसभांतून प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी केलेल्या विधानांचा. उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द केली आणि शरद पवार यांच्यावरही ठपका ठेवला. १९९३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गडाखांविषयीचा निर्णय कायम ठेवला, पवारांवरील ठपका मात्र काढून टाकला. जिल्ह्यात या खटल्याची चर्चा आजही गटातटाच्या अंगाने होते. त्याचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. प्रतिस्पर्ध्याचा गैरप्रकार सिद्ध करण्यास विखे पाटलांना कोणाच्या दूरध्वनीला कान लावावा लागला नाही, आणि राज्यातील बड्या पुढाऱ्यालाही आपल्या शब्दांचा जाब न्यायालयापुढे द्यावा लागला. जे बोलले गेले ते सभेत बोलले गेले होते, साक्षीदार सामान्य नागरिक होते, आणि दोन पायऱ्यांच्या न्यायालयांनी ते शब्द जाहीरपणे तोलले. निवडणुकीची शुद्धता राखण्यासाठी चोरट्या पाळतीची गरज असते, या म्हणण्याला नगरने १९९१ साली प्रत्यक्ष उत्तर दिले.

‘मेनस्ट्रीम’मधील त्या अहवालाच्या आधाराने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने केलेल्या अर्जावर १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग आहे. ते ऐकण्याचा हुकूम केंद्र किंवा राज्याच्या गृहसचिवानेच द्यावा. हुकुमाची मुदत दोन महिन्यांची, वाढवून वाढवून सहा महिन्यांहून अधिक नाही. प्रत्येक हुकूम पुनर्विलोकन समितीपुढे जावा, अशी पद्धत न्यायालयाने घालून दिली. २००७ साली ती नियमांत उतरली आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील २०२४ च्या नियमांनी बहुतांशी तशीच पुढे चालविली. दोष आहे तो समितीच्या रचनेत: राज्यात ती मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव यांची बनते. हुकूम सचिवाचा आणि तपासही सचिवांचा. १९१६ साली मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावर उच्च न्यायालय होते. येथे कचेरीच्या हुकुमावर कचेरीच आहे.

या रचनेत काय होऊ शकते याची चर्चा महाराष्ट्राने अलीकडेच अनुभवली. २०२१ च्या जुलैत काँग्रेसचे नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितले की काही वर्षांपूर्वी आपला दूरध्वनी ‘अमजद खान’ अशा दुसऱ्याच नावाखाली ऐकला गेला. पुढे २०२२ साली त्या प्रकरणी पुण्यात, आणि एकनाथ खडसे व संजय राऊत या पुढाऱ्यांच्या दूरध्वनींविषयी मुंबईत, वरिष्ठ पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध गुन्हे नोंदविले गेले. राज्यातील सरकार बदलल्यानंतर एका प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, दुसऱ्यात शासनाने खटल्यास मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत, म्हणून कोणालाही दोषी म्हणण्याचा अधिकार मला किंवा वाचकाला नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर विरोधी पक्षाच्या तक्रारीनंतर निवडणूक आयोगाने, तेव्हा पोलीस महासंचालक असलेल्या रश्मी शुक्ला यांना त्या पदावरून दूर केले, निकालानंतर त्या पुन्हा त्या पदावर आल्या. माझा मुद्दा व्यक्तीचा नाही. एका सरकारने गुन्हा नोंदवावा आणि दुसऱ्या सरकारने मंजुरी नाकारावी, एवढ्यावर जेथे प्रकरण संपते तेथे दूरध्वनी ऐकण्याचा मूळ हुकूम योग्य होता की अयोग्य, हे जनतेला कधीच कळत नाही; ज्यांच्यावर आरोप झाला त्यांनाही निष्कलंक ठरण्याची संधी मिळत नाही आणि ज्यांनी तक्रार केली त्यांचेही समाधान होत नाही.

न्यायालयापुढे मूळ हुकूम आला तर काय होते, याचेही उदाहरण मुंबईतीलच आहे. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात लाचलुचपतीच्या तपासासाठी दिलेले दूरध्वनी ऐकण्याचे हुकूम रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी नाही, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नाही, मग हुकूम कसला, असा सरळ विचार करून न्यायालयाने ती ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. ते प्रकरण राजकारणाचे नव्हते. परंतु लाचेच्या आरोपापुरतेही ज्या कलमाचे दार उघडत नाही, ते विरोधकाच्या निवडणूकविषयक मसलती ऐकण्यासाठी उघडेल असे मानण्यास जागा नाही.

तेव्हा आजचा कायदा थोडक्यात असा सांगता येईल. विरोधकाची जाहीर सभा सरकारने टिपून घेणे कायदेशीर आहे. कोणी गुन्हा करीत असल्याची अथवा राज्याच्या सुरक्षिततेला धोका असल्याची सबळ माहिती असेल, तर तो उमेदवार आहे म्हणून त्याला सूट नाही. सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाने, मुदतीपुरती, त्याच्यावरही पाळत ठेवता येते. परंतु निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी, विरोधकाची मसलत जाणण्यासाठी किंवा फुटीर शोधण्यासाठी ठेवलेली पाळत बेकायदेशीर आहे, मग तिच्या कागदावर कोणाचीही सही असो आणि कोणतेही नाव घातलेले असो. आणि तिचा लाभ एखाद्या उमेदवाराने जाणूनबुजून करवून घेतला असेल तर त्याची निवडणूकच धोक्यात येते.

कायद्याचे शब्द पुरेसे आहेत. त्यांची अंमलबजावणी करणारा हात पुरेसा नाही. कलम १२३ उमेदवाराला पकडते, पण ज्या सत्तेच्या हुकुमाने पाळत राहिली ती स्वतः उमेदवार नसेल तर निसटते. निवडणुकीच्या कामी नेमलेले पोलीस त्या काळापुरते निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली येतात, अशी तरतूद १९५१ च्या कायद्यात कलम २८-अ ने पुढे घातली गेली. ज्यांची तशी नेमणूक झालेली नाही, ते मात्र गृहखात्याच्याच हुकुमाखाली राहतात. म्हणून निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत उमेदवार व पक्षाधिकारी यांच्यासंबंधीचा पाळतीचा प्रत्येक हुकूम उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे ठेवला जावा, आणि मुदत संपल्यावर, तपासास बाध येत नसेल तेव्हा, ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला ते कळविले जावे, अशी दुरुस्ती विधिमंडळाने व संसदेने करावी. ही मागणी कोणत्याही एका पक्षाच्या सोयीची नाही. आज सचिवालयात बसलेला पक्ष उद्या विरोधी बाकावर बसणार आहे, हे निवडणुकीच्या राज्यातील एकमेव अटळ भविष्य आहे. आणि नगरच्या किल्ल्यातील कैदी गृहमंत्री झाले, तसे गृहमंत्रीही कधी पाळतीचा विषय होऊ शकतात.

१९१६ साली परक्या सरकारने टिळकांच्या विरुद्ध नगरच्या सभेत जे लिहून घेतले, ते त्यांना भर न्यायालयात वाचून दाखविले गेले आणि त्यावर त्यांना उत्तर देता आले. आज स्वतंत्र भारतात उमेदवाराचा दूरध्वनी सरकारी हुकुमाने ऐकला गेला, तर तो ऐकला गेला एवढे त्याला कळविण्याचेही बंधन सरकारवर नाही.